वायर कुठून निघते

फोन आला तेव्हा मी दोन पांढऱ्या रंगांपुढे उभा होतो. रंगखात्याच्या खिडकीत दोन टरफलं टांगली होती, एक दुधी, एक मोतिया, आणि त्यातलं कुठलं महाग दिसतं ते मला सांगायचं होतं. टरफल म्हणजे इस्त्रीचं वरचं प्लास्टिक. आमच्या खात्यात सगळे त्याला टरफलच म्हणतात. फोन बायकोच्या दुकानातून होता. तिचं कपडे दुरुस्त करून देण्याचं दुकान होतं आणि तिथे काजं-बटणं करणारी एक बाई होती, ती मला भाऊजी म्हणायची. ती म्हणाली, "भाऊजी, ताई खाली बसल्यात त्या उठत नाहीयेत. हाक मारली की बघतात, पण बोलत नाहीत. तुम्ही निघा." मी मोतिया टरफलाकडे बोट दाखवलं, "हे" म्हणालो आणि निघालो. दवाखान्यात पोचलो तर काजवाली बाहेर बाकावर बसली होती आणि तिच्या मांडीवर बायकोच्या चपला होत्या. आतून एक तरुण डॉक्टर आला. त्यानं मी कोण ते विचारलं आणि म्हणाला, "बसा ना." मी उभाच बरा होतो. तो पुन्हा "बसा" म्हणाला तेव्हा मला कळलं. नंतर त्यानं हृदयाबद्दल बरंच समजावून सांगितलं, बिचारा नीट सांगत होता, आणि मी त्याच्या कोटाच्या कॉलरकडे बघत होतो. घडीवर घासून दोरे निघाले होते. हिच्याकडे द्या, ती कॉलर उसवून उलटी लावून देईल, कोट अजून चालेल, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

यानंतरचं जे सांगायचं आहे ते रडण्याचं नाही, हीच माझी अडचण आहे. माणसं आली, बसली, गेली. भावजयीनं माझ्या कपाटातले शर्ट लावून दिले. मेव्हणा माझ्याशेजारी बसून गुडघ्यावर थापटत राहिला, माझ्या नाही, स्वतःच्या. लेक आली आणि राहिली. मी सगळ्यांना हो हो म्हणत होतो. आणि मग कामावर परत गेलो, टेबलापाशी बसलो, आणि मला एक गोष्ट सुचली. ती सुचल्यापासून माझी भूक वाढली, झोप उडाली नाही उलट गाढ लागायला लागली, आणि सकाळी जाग यायची ती एकदम, कोणीतरी दार वाजवल्यासारखी. लोक माझ्याकडे बघून आवाज खाली आणायचे, आणि माझ्या डोक्यात मात्र एका गावाला जायची गडबड चालू असल्यासारखं असायचं. डोळे भरून यायचे तेही धावताना येतात तसे.

काय सुचलं ते सांगण्याआधी माझं काम सांगायला हवं. आमचा कारखाना इस्त्र्या करतो. मी लागलो तेव्हा जी इस्त्री होती तीच आजही आहे. तळ तोच, कॉइल तीच, थर्मोस्टॅट तोच. बदलायचं ते टरफल, रंग आणि नाव. खप उतरायला लागला की मालक मला बोलवायचे आणि म्हणायचे, "हिला जरा नवी कर." आतल्याला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम. मग मी बसायचो. कडा गोल होत्या त्या टोकदार करायच्या, टोकदार होत्या त्या गोल. बाजूची पट्टी खाली उतरवली की इस्त्री पुढे झुकल्यासारखी दिसते, धावायला निघाल्यासारखी. पट्टी आडवी केली की जड आणि भारदस्त दिसते. चंद्रिकाची मी एलिट केली, एलिटची नोव्हा, नोव्हाची नोव्हा सिल्क. एकच बाई चार वेषांत. ह्यात फसवणूक आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी दुकानात उभं राहून बघावं. एक बाई येते, जुन्या नोव्हावरून नजर फिरवते, पुढे जाते आणि सिल्कपाशी थांबते. तिला उचलते, मनगटात जरा हलवून बघते. आत तेच आहे. पण ती थांबली आणि तिनं उचलली, हे काही खोटं नाही. मला ते पाहून प्रत्येक वेळी नाटकातल्या माणसाला पडदा उघडताना वाटत असेल तसं व्हायचं.

बायकोला ह्याची मजा वाटायची. तिचं कामही बाहेरून बघितलं तर तेच. लोक जुने कपडे आणायचे आणि नवे करून न्यायचे. पण ती आतून सुरुवात करायची. माझी तिची ओळख तशीच झाली. वडील गेल्यावर त्यांचा कोट मी घालायला काढला आणि बाह्या आखूड करायला तिच्याकडे नेला. तिनं मला तो घालायला लावला, मागून दोन्ही खांदे चिमटीत धरले आणि म्हणाली, "बाह्यांचं राहू द्या. हे खांदेच तुमचे नाहीत." तिनं तो कोट पार उसवला. टेबलावर त्याचे तुकडे पसरलेले बघून माझा धीर सुटला होता. ती तोंडात टाचण्या धरून म्हणाली, "बघत बसू नका, होईल." टाचण्या तोंडात असताना ती ओठाच्या एका कोपऱ्यातून बोलायची आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की आपल्याला काहीतरी गुपित सांगतेय. पुढे संसारात ती सवय राहिली. टाचण्या नसतानाही काही मनातलं सांगायचं असलं की ओठ तसेच करायची.

ती डावखुरी होती. आमच्या घरची रीत अशी की नव्या टरफलाची इस्त्री साच्यातून निघाली की पहिला नग मी घरी न्यायचा. ती ओटा पुसायची, हात पुसायची, खोक्यातून इस्त्री काढायची आणि तिचा एकच प्रश्न असायचा. "वायर कुठून निघते?" मी म्हणायचो, "उजवीकडून." ती म्हणायची, "मग बारसं नुसतं नावाचंच केलंत." इस्त्रीच्या मागे जिथून वायर बाहेर पडते तिथे एक टोपण असतं, त्याला आम्ही शेपटी म्हणतो. शेपटीचं भोक उजव्या अंगाला. उजव्या हातानं इस्त्री फिरवली की वायर बाहेरच्या बाजूला पडते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. डाव्या हातानं फिरवली की तीच वायर आताच कडक केलेल्या कापडावर लोळते आणि घडी मोडते. तिनं दुकानात छताला एक आकडा लावून घेतला होता, त्यातून जुन्या चड्ड्यांचं इलॅस्टिक सोडलं होतं आणि वायर त्यात टांगली होती. दिवसभर ती त्या इलॅस्टिकशी ओढाताण करत काम करायची. संध्याकाळी खांदा दुखायचा. "तुमच्या नोव्हानं आज फार छळलं हो," ती म्हणायची, एखाद्या नणंदेबद्दल बोलावं तसं. मी म्हणायचो की ते आतलं आहे. वायर आतून तशीच येते, तिथे माझं चालत नाही. आम्हाला सगळ्यांनाच तसं वाटत होतं. कोणी उघडून बघितलं नव्हतं, कारण आत बघणं हे आमचं काम नव्हतं.

आता सुचलं ते असं. कामावर परत गेलो त्या दिवशी टेबलावर मोतिया टरफल घातलेली नमुन्याची इस्त्री तयार होऊन आली होती. मालक स्वतः येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांना माझ्याशी कामाशिवाय काही बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ते कामाचंच बोलले. म्हणाले, "ही आपली शेवटची. पुढल्या वेळेपासून आपण बनवणार नाही. तयार माल बाहेरून घ्यायचा आणि आपलं नाव लावायचं. सगळे तेच करतायत." मग जरा थांबून म्हणाले, "तू घाई करू नको. साचा कापायला जाईपर्यंत वेळ आहे." ते गेले. शेवटची म्हणजे काय ते माझ्या डोक्यात हळूहळू उतरलं. ह्या टरफलानंतर मी कुठलीच रेघ ओढणार नव्हतो. शेपटीचं भोक जिथे राहील तिथे ते कायमचं. मी स्क्रू काढले आणि शेपटी हातात घेतली. कशासाठी घेतली ते ठाऊक नाही, हाताला चाळा म्हणून असेल. आणि आत पाहिलं तर वायर जिथे पकडली जाते ती पट्टी मधोमध होती. उजवीकडे नाही, डावीकडे नाही, अगदी मध्ये. वायर मध्ये पकडून मग उजवीकडे वळवली होती, ती केवळ शेपटीत भोक तिकडे होतं म्हणून. शेपटी उलटी करून लावली असती तर भोक डावीकडे गेलं असतं. पण ती उलटी बसत नव्हती, कारण वरून गोल होती आणि खालून सपाट. आणि ती खालून सपाट का, तर दिसायला बरी म्हणून.

मी उठून उभा राहिलो. पुन्हा बसलो. शेपटी वरून आणि खालून सारखी केली की काम झालं. दोन स्क्रू. घेणाऱ्यानं घरी स्क्रू काढायचे, शेपटी फिरवायची, वायर डावीकडे. आतल्याला हात नाही. माझ्या नियमात बसणारी गोष्ट. मी एवढा मोठ्यानं हसलो की पलीकडच्या टेबलावरचा हिशेबनीस उठून आला आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं मी रडतोय. मी त्याला शेपटी दाखवली. तो म्हणाला, "हो, हो, बसा तुम्ही, पाणी प्या." मी पाणी प्यालो. पाणीसुद्धा छान लागलं. मला पहिल्यांदा काय वाटलं ते जसंच्या तसं सांगतो. मला वाटलं, आता घरी जाऊन हिला सांगतो. ते वाटणं पूर्ण व्हायच्या आत दुसरं आलं आणि त्यावर पडलं. पण पहिलं विझलं नाही. दोन्ही जळत राहिली, आणि ती ऊब घेऊन मी नव्या शेपटीच्या नमुन्यासाठी फोम कापायला बसलो.

फोमच्या शेपट्या मी घरी आणायला लागलो. खिशात एक, डब्याच्या पिशवीत दोन. सकाळी उन्हात गॅलरीत बसून त्यांना पॉलिश पेपर मारायचो. पांढरा भुसा सगळीकडे व्हायचा आणि मी शिट्टी वाजवायचो. लेक दारात येऊन उभी राहिली. तिचं वय तिच्या आईनं दुकान काढलं तेव्हाच्या वयाइतकं झालं आहे आणि ओठ आवळायची तऱ्हाही तीच आहे. म्हणाली, "बाबा, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही शिट्टी वाजवताय."

"वाजवत होतो का?"

"दोन दिवस. शेजारच्या काकू मला जिन्यात विचारत होत्या, बाबा ठीक आहेत ना. मी काय सांगू त्यांना? बाबा मजेत आहेत?"

मी तिला शेपटी फिरवून दाखवली. भोक उजवीकडे, मग डावीकडे. तिनं बघितलं. ती हुशार आहे, तिला लगेच कळलं. तिला कळलं तसा तिचा चेहरा आधी उजळला आणि मग बिघडला. म्हणाली, "आता?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. जरा वेळानं आतून भांड्यांचा आवाज आला आणि तिचा आवाज आला, "आणि तो भुसा तुम्हीच झाडा, मी नाही झाडणार." ते अगदी तिच्या आईसारखं होतं आणि त्यानं मला आणखीच हुरूप आला. हे बरं नाही हे मला कळत होतं. घरात एक माणूस दुःख करत होतं आणि एक माणूस गॅलरीत बसून वस्तू फिरवत होतं. पण मला असं वाटायचं की मी थांबलो तर ती खरंच गेली असं होईल, आणि काम करतोय तोवर तिचा प्रश्न अजून हवेत आहे, तिनं विचारलाय आणि मी उत्तर देतोय. एवढ्या वर्षांनी प्रथमच मला त्याचं उत्तर येत होतं.

बैठक मालकांच्या खोलीत झाली. मालक, जाहिरातीचं बघणारी मुलगी, साचेवाले काका आणि मी. काका माझ्याहून मोठे, साचे तेच कापून घेतात, ते खोलीत आले की तेलाचा वास येतो आणि मला बरं वाटतं. मुलीनं आधी नावं वाचून दाखवली. काका म्हणाले, "ही सगळी साबणाची नावं आहेत." मुलगी म्हणाली, "काका, तुमच्या वेळेला चंद्रिका चालली ना, मग?" सगळे हसले. मग मी शेपटी काढली. मी नीट बोलणार होतो, पण बोलायला लागलो आणि सुटलोच. उभा राहिलो. मालकांच्या टेबलावरच्या कागदांवरून इस्त्री डाव्या हातानं फिरवून दाखवली. म्हणालो, ही बघा वायर, ही इथे लोळते, घडी मोडते, आणि आता हे दोन स्क्रू, आणि आता बघा. मुलगी खुर्चीच्या टोकाशी आली. म्हणाली, "सर, हे तर सांगण्यासारखं आहे. नेहमी आपण नवीन नवीन म्हणतो आणि नवीन काय विचारलं की रंग सांगतो. दोन्ही हातांची इस्त्री. हे मी विकून दाखवते." काकांनी शेपटी हातात घेऊन उजेडात धरली, नखानं कड तपासली आणि म्हणाले, "उलट सोपंय. दोन्ही बाजू सारख्या म्हणजे माझं कापायचं काम कमीच." मालक माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "मला पटतंय. पण एखाद्या डावखुऱ्या माणसानं चालवून बघायला पाहिजे. आपल्याकडे आहे का कोणी?"

मी म्हणालो, "आहे ना. आज घरी नेतो, रात्री तिला दाखवतो आणि उद्या सांगतो. ती स्पष्ट सांगेल, तिला काही—"

मला कळायला जो वेळ लागला तो त्यांनी माझ्याआधी मोजला असावा. मुलीनं समोरच्या कागदावर मान घातली. मालकांनी चष्मा काढला. काकांनी मला हात लावला नाही, फोमच्या शेपटीवर हात ठेवला आणि ती टेबलावर तशीच दाबून धरली, वाऱ्यानं उडून जाईल म्हणून धरावी तशी. चूक झाली होती आणि तरी मला लाज वाटत नव्हती. उलट ते वाक्य बोलताना जो हलकेपणा होता तो अजून अंगात होता. कितीतरी दिवसांत मी तिच्याबद्दल असं सहज बोललो नव्हतो. सगळे तिच्याबद्दल 'होती, होती' म्हणत होते, आणि माझ्या तोंडून 'आहे' निघालं. मी म्हणालो, "बघतो कोणीतरी." मालक म्हणाले, "बघ. नाही मिळालं तरी चालेल."

लेक जन्मली ती डावखुरीच होती. चमचा डाव्या हातात, खडू डाव्या हातात. तिच्या आईनंच तिचा हात बदलला. मी म्हणालो होतो राहू दे, तुझ्यासारखीच आहे, तर ती म्हणाली होती, "माझ्यासारखीच आहे म्हणूनच. कात्री दुखते, इस्त्री दुखते, वहीवर शाई पुसते. मी भोगलं तेवढं पुरे." ओरडून नाही, गोडीगुलाबीनं, पेरूच्या फोडी उजव्या हातात ठेवून ठेवून तिनं तो हात बदलला. मला हे आठवलं तेव्हा मी पायऱ्या चढत होतो आणि उरलेल्या पायऱ्या धावत चढलो. लेकीला म्हणालो, "जरा इकडे ये, एक काम आहे." टेबलावर चादर घातली, जुन्या नोव्हाला फोमची शेपटी बसवली, वायर डावीकडून काढली. गरम केली नाही, नुसती फिरवायची. ती म्हणाली, "बाबा, मी उजवी आहे."

"नव्हतीस."

"आता आहे."

"फिरव तरी."

तिनं डाव्या हातात इस्त्री घेतली. कोपर वर गेलं, मनगट वाकडं झालं, इस्त्री चादरीला टोक लावून अडली. तिनं दुसऱ्यांदा फिरवून पाहिलं. तिसऱ्यांदा तिला हसू आलं, रडू येण्याच्या आधी येतं तसं. म्हणाली, "ह्या हातानं मला आता नुसता टाटा करता येतो." मी म्हणालो, सराव केलास तर येईल. तिनं इस्त्री खाली ठेवली, उभी न ठेवता आडवीच ठेवली, तिच्या आईनं असं कधी ठेवलं नसतं. म्हणाली, "आईनं माझा हात एवढ्या मेहनतीनं काढून घेतला, आणि तुम्ही म्हणताय परत घाल. तुम्ही तिचं ऐकलंच नाहीत कधी." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "तसं नाही म्हणायचं मला. ऐकलंत. उशिरा ऐकलंत." ती चादरीची घडी घालायला लागली आणि मी तिच्या उजव्या हाताकडे बघत राहिलो. किती सुरेख चालत होता. पेरूच्या फोडींचा हात.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःच डाव्या हातानं शिकायला लागलो. सकाळी कामावर जायच्या आधी टेबल खिडकीशी ओढायचो, जुन्या उशांचे अभ्रे काढायचो. पहिले काही अभ्रे बघण्यासारखे झाले. पण दोन-चार दिवसांत हाताला जरा वळण लागलं. त्यासाठी टेबल फिरवावं लागलं, उजेड दुसऱ्या बाजूनं घ्यावा लागला, पाय उलटे टाकावे लागले. मग सुटीच्या सकाळी तसा उभा असताना लक्षात आलं की दुकानात ती अशीच उभी असायची, दाराकडे पाठ करून. मी तिला किती वेळा म्हणालो होतो की गिऱ्हाइकाकडे तोंड करून उभी राहत जा. तिला राहताच येत नव्हतं. मी आता तिच्या जागेवरून खोलीकडे बघत होतो आणि खोली वेगळी होती. खिडकी चुकीच्या बाजूला, दार मागे, येणारा माणूस आधी आवाजानं कळणार. माझ्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. तिच्या कोटात शिरल्यासारखं झालं, आणि खांदे माझे नव्हते.

आणि मग एकामागून एक दिसायला लागलं. तापल्याचा दिवा मुठीलगत, टरफलाच्या डाव्या अंगाला आहे. उजव्या हातानं धरलं की तो अंगठ्याशेजारी नीट दिसतो. डाव्या हातानं धरलं की बोटांखाली झाकला जातो, पेटलाय की विझलाय कळत नाही. म्हणून ती बोट ओलं करून तळाला लावायची. चर्र असा आवाज आला की लागायची कामाला. मला इतकी वर्षं वाटलं होतं की ती सवय आहे, जुन्या माणसांकडून आलेली, आणि मी तिला त्यावरून चिडवायचोही. तिला दिवा दिसतच नव्हता. तापमानाच्या चकतीवरचे आकडे उजव्या हातासाठी तिरके बसवले होते, तिच्या बाजूनं ते डोक्यावर उभे. आणि अंगठ्याची खोबण. मुठीत एक खोबण असते, तिथे अंगठा टेकला की इस्त्रीला रेटा देता येतो, आणि ती डाव्या अंगाला होती, कारण उजव्या हाताचा अंगठा तिथे येतो. डाव्या हाताचा अंगठा पडायचा कडेवर, जिथे टरफलाचे दोन भाग जुळतात. ती कड मीच टोकदार केली होती, नोव्हाच्या वेळेला, कारण तेव्हा टोकदार चालत होतं. मी इस्त्री बंद केली आणि माझा अंगठा बघितला. बरोबर त्या जागी लाल रेघ उठली होती. तिच्या अंगठ्यावर त्या जागी घट्टा होता. मला तो सुईचा वाटायचा.

वायरीखेरीज तिनं कधी काही मागितलं नव्हतं. बाकीचं तिला ठाऊक तरी होतं की नाही कोण जाणे. माणूस ज्या वस्तूत मोठं होतं ती वस्तू अशीच असणार असं त्याला वाटतं. पण मी खुर्चीत बसून हिशोब लावत होतो आणि माझं काळीज उड्या मारत होतं, कारण दिवा, आकडे, खोबण, कड, ह्यातलं आतलं काहीच नव्हतं. एकूण एक बाहेरचं. सगळं माझ्या हातातलं. लोक म्हणतात तुमचं काम म्हणजे वरवरचं, आणि मीही हसून हो म्हणायचो. पण तिचा हात रोज जिथे लागायचा ते वरवरचंच होतं. कॉइलला कोणी हात लावतं का? तिचं सारं दुखणं माझ्या त्या टरफलात होतं आणि तिचं सारं सुखही तिथेच करता आलं असतं. मी लेकीला हाक मारली. ती केस पुसत आली. मी तिला अंगठा दाखवला. तिनं तो हातात घेतला, उजेडाकडे वळवला, आणि बराच वेळ सोडला नाही. म्हणाली, "कपडे बदला आणि जा. आत्ता जा. सुटी असली तरी काका असतात ना तिकडे?"

काका होते. यंत्र बंद होतं आणि ते पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं, धापा टाकतच सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि मी म्हणत होतो त्या प्रत्येक जागी इस्त्रीवर खडूनं खूण केली. दिवा मध्ये आणायचा, मुठीच्या पुढे टरफलावर, दोन्हीकडून दिसेल. होईल. आकडे सरळ उभे. होईल, तो तर छापायचा भाग. कड गोल करायची. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, स्वतःचाच अंगठा डाव्या हातानं टेकवून बघितला आणि म्हणाले, "च्यायला." कड गोल होईल. मग खोबणीपाशी खडू थांबला. म्हणाले, "मूठ नाही होणार."

"का?"

"मूठ जुन्याच साच्यातली. मालकांनी ह्या वेळेला फक्त टरफलाचा साचा दिलाय, मूठ सिल्कचीच वापरायची ठरलंय. शेवटच्या इस्त्रीला मुठीचा नवा साचा कोण कापू देईल?"

"मी मालकांशी बोलतो."

"बोल. मीही बोलतो. पण मी त्यांना ओळखतो आणि तूही ओळखतोस."

आम्ही दोघे बोललो. मालकांनी पूर्ण ऐकून घेतलं, शेपटी, दिवा, आकडे, कड सगळ्याला हो म्हणाले, एवढं हो त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मुठीला मान हलवली. रागानं नाही. म्हणाले, "मी तुला नाही म्हणत नाहीये, त्या साच्याला म्हणतोय." जाहिरातीच्या मुलीनं बाहेर आल्यावर मला विचारलं की सर, नावाचं काय, मॅडमचं नाव द्यायचं का, मी सुचवू का वर. मी म्हणालो नको. तिच्या नावानं कोणी तिला दुकानात घासाघीस करून घेतलेलं मला चालणार नाही. मुलगी आधी चपापली, मग हसली, मग मीही हसलो. काकांनी साचा कापायला घेतला आहे. पोलादाचा ठोकळा यंत्राखाली बसला आहे आणि त्यावर पांढरं तेल सारखं पडत असतं. मी रोज जेवणाच्या सुटीत जाऊन बघतो. शेपटीचं भोक कापून झालं आहे, ते कुठल्याच बाजूचं नाही. दिव्याची जागा झाली आहे. कड इतकी गोल झाली आहे की पोलादावरून बोट फिरवत राहावंसं वाटतं, आणि मी फिरवतो, आणि काका मला काही बोलत नाहीत.

अंगठ्याची खोबण अजून उजव्या हाताचीच आहे.